बिघाड आतला की बाहेरचा? एमआरएसच्या विद्यार्थी पुरस्कारासाठी अर्ज करताना

जून लागला की पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या मेटलर्जीतल्या (धातुशास्त्रातल्या) धाकट्या मुलामुलींचे मेसेज यायला लागतात. "ताई, एमआरएसच्या अवॉर्डला अर्ज करू का? आमचा पेपर अजून छापून आलेला नाही." प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी दोनदा अर्ज केला होता. पहिल्या वर्षी अंतिम फेरीतही नाव नव्हतं. दुसऱ्या वर्षी सिल्व्हर मिळालं. मधल्या काळात माझं काम जेमतेम एका प्रयोगाने पुढे सरकलं होतं. तो एक प्रयोग आणि तो सांगण्याची रीत, एवढ्यावरच फरक पडला.

एमआरएस म्हणजे मटेरियल्स रिसर्च सोसायटी. १९७३ साली अमेरिकेत स्थापन झालेली, मुख्य कार्यालय पेनसिल्व्हेनियातल्या वॉरेनडेलला. तिच्या वर्षातून दोन मोठ्या सभा होतात, एक वसंतात आणि एक थंडीच्या तोंडावर बॉस्टनला. दोन्ही सभांमध्ये ग्रॅज्युएट स्टुडंट अवॉर्ड असतं. अर्जांतून काही विद्यार्थी निवडतात, त्यांना परीक्षकांसमोर आपलं काम सांगायला बोलावतात आणि त्यातून गोल्ड आणि सिल्व्हर ठरतं. याच अर्जदारांतून आर्थर नोविक यांच्या नावाचाही एक पुरस्कार दिला जातो. पुढे चांगला शिक्षक आणि मार्गदर्शक होईल असं ज्या विद्यार्थ्यात दिसतं, त्याला तो मिळतो. नोविक यांनी आयुष्यभर मुलांना जीव लावून शिकवलं. मला हा पुरस्कार गोल्डइतकाच मोठा वाटतो, आणि तुमच्यापैकी कुणी टीए, म्हणजे प्राध्यापकांचा शिकवणीतला सहायक, म्हणून मनापासून शिकवलं असेल तर ते अर्जात लिहायला लाजू नका.

पेपर आलेला नसेल तरी अर्ज करा, हे आधी सांगून टाकते. पुरस्काराचा रोख कामाच्या दर्जाकडे आणि तुमच्या संशोधन करण्याच्या कुवतीकडे असतो. पेपरांची संख्या मोजायची तर परीक्षकांनी तुम्हाला समोर बसवून प्रश्न विचारायची गरजच नव्हती.

माझं काम गार्नेट नावाच्या सिरॅमिकवर होतं. लिथियम, लँथॅनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजन. लॅबमध्ये सगळे एलएलझेडओ म्हणतात. २००७ साली मुरुगन, तंगदुराई आणि वेप्नर या तिघांनी दाखवलं की या घन पदार्थातून २५ अंश सेल्सिअसला लिथियमचे आयन चांगल्या वेगाने जातात. वाहकता सुमारे ३×१०⁻⁴ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. बॅटरीतला पेट घेणारा द्रव काढून त्या जागी हा घन ठेवता येईल का, यावर तेव्हापासून जगभर काम चालू आहे. अडचण अशी की लिथियम धातू लावून प्रवाह वाढवला की एका टप्प्याला लिथियमचे तंतू या कडक सिरॅमिकमधूनही वाट काढतात आणि सेल शॉर्ट होतो. दगडासारख्या पेलेटमधून, म्हणजे पावडर दाबून भाजलेल्या चकतीतून, लोण्यासारखा मऊ धातू पार जातो! पहिल्यांदा शॉर्ट झालेली पेलेट फोडली आणि आत काळी रेघ दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नव्हते.

पहिल्या वर्षीचा माझा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (कामाचा छोटा सारांश) या वाक्याने सुरू होत होता: सॉलिड-स्टेट बॅटऱ्या ऊर्जासाठवणुकीच्या भविष्यासाठी महत्त्वाच्या आहेत. पुढे आम्ही नमुने केले, आम्ही मोजले, आम्हाला सुधारणा आढळली. आज तो वाचला की कळतं, त्या सिंपोझियममधल्या (सभेतल्या एका विषयाच्या सत्रातल्या) कुठल्याही माणसाचं नाव त्यावर घातलं असतं तरी चाललं असतं. त्यात मी कुठेच नव्हते, आणि ज्याचं उत्तर शोधायचं तो प्रश्नही नव्हता.

तो प्रश्न मला अण्णांनी दिला.

आमचे अण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारे, होते, पुढे शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर झाले. रिजेक्शन वाढलं की सगळे वाळूला दोष देत. वाळूत पाणी जास्त, म्हणून ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या मालात पोकळी. अण्णा आधी कास्टिंग फोडायला लावत. पोकळीची आतली भिंत गुळगुळीत असेल तर वायू अडकलाय. खरबरीत, काटेरी असेल तर धातू आवळताना कमी पडलाय, मग वाळूचा काय संबंध? आणि दुरुस्ती करताना त्यांचा एकच नेम असायचा: एका हीटला (भट्टीतल्या एका ओतीला) एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि माल चांगला आला तर कशामुळे आला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच रिजेक्शन दारात.

एका रविवारी फोनवर मी त्यांना माझ्या पेलेट्सचं सांगत होते. काही पेलेट्स लवकर शॉर्ट होतात, काही टिकतात, आणि ग्रुपमध्ये सगळे ग्रेन बाउंड्रीला (आतल्या स्फटिककणांमधल्या सीमांना) जबाबदार धरतात, असं. ते म्हणाले, "मग बिघाड आतला हाय का वरचा, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. एलएलझेडओ हवेत ठेवलं की ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर लिथियम कार्बोनेटचा पातळ थर चढतो, हे माहीत होतं. त्या थरामुळे लिथियम सगळीकडे नीट टेकत नाही, जिथे टेकतं तिथे प्रवाह गोळा होतो, आणि तंतू तिथूनच शिरत असतील तर? मग एकाच बॅचच्या पेलेट्स घेतल्या. काही तशाच हवेत आठवडाभर ठेवलेल्या. काही ग्लोव्हबॉक्समध्ये (बाहेरची हवा न शिरणाऱ्या बंद पेटीत) कोरड्या घासून आर्गॉन वायूत तापवलेल्या. दुसऱ्या गटाचा पृष्ठभागाचा रोध एकदम खाली आला आणि त्या जास्त प्रवाहाला टिकल्या. पहिल्या अर्जाच्या वेळी काम इथपर्यंत आलं होतं, आणि मला ते पूर्ण वाटत होतं.

ते पूर्ण नव्हतं. मी एका हीटला दोन बदल केले होते. घासल्याने कार्बोनेट गेलं हे खरं, पण पृष्ठभागाचा खरबरीतपणाही बदलला. मग टिकाऊपणा कशाचा? दुसऱ्या वर्षी मी तिसरा गट केला: घासलेल्या, तापवलेल्या, आणि मग पुन्हा आठवडाभर हवेत ठेवलेल्या. पृष्ठभाग घासलेलाच, फक्त थर परत आलेला. त्या पेलेट्स पुन्हा लवकर शॉर्ट झाल्या. एवढाच तो प्रयोग. नवं यंत्र नाही, मोठ्या क्ष-किरण केंद्रातला महागडा बीमटाइम नाही.

म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी हे करा. आपल्या निकालाचा तुम्ही लावलेला अर्थ एका कागदावर लिहा. खाली लिहा, हाच निकाल दुसऱ्या कुठल्या कारणाने येऊ शकला असता? दोन तरी कारणं सापडतील. त्यातलं एक तरी तुम्ही प्रयोगाने खोडून काढलंय का? काढलं असेल तर तो तुमच्या अर्जाचा कणा. नसेल तर मुदतीपर्यंत तेवढा एक प्रयोग होतो का ते बघा. चौथी आकृती, पाचवा नमुना, आणखी एक तापमान यांच्यापेक्षा तो मोलाचा आहे. परीक्षकांना तुमची पारख बघायची असते, आणि ती खोडून काढलेल्या कारणात दिसते.

दुसऱ्या वर्षीचा माझा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अण्णांच्या प्रश्नानेच सुरू झाला. पहिलं वाक्य साधारण असं होतं: गार्नेट पेलेटमध्ये लिथियम शिरण्याची सुरुवात पेलेटच्या आतल्या रचनेमुळे होते की पृष्ठभागावरच्या थरामुळे, हे वेगळं करून दाखवलेलं नाही, मी तीन गटांच्या तुलनेने ते वेगळं केलं आहे. मग तीन गट, किती पेलेट्स, काय मोजलं, काय निघालं. आणि शेवटी जे सिद्ध होत नाही तेही एका वाक्यात: जास्त प्रवाहाला ग्रेन बाउंड्रीचा वाटा असू शकतो, हा प्रयोग त्याबद्दल काही सांगत नाही. हे वाक्य काढून टाक, त्याने काम दुबळं वाटतं, असा सल्ला मला मिळाला होता. मी ठेवलं. मुलाखतीत एका परीक्षकांनी सुरुवातच त्या वाक्यापासून केली.

"मी" लिहायला आपल्याकडच्या मुलांना जड जातं. घरी, शाळेत आपल्याला "आम्ही"ची सवय असते, मोठ्यांचं श्रेय घेतल्यासारखं वाटतं. पण हा पुरस्कार एका विद्यार्थ्याला असतो. पावडर कुणी केली, एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचनेची तपासणी) कुणी काढलं, सिम्युलेशन कुणाचं, हे स्पष्ट लिहा. सहकाऱ्याचं काम त्याच्या नावावर ठेवलं की आपलं "मी" आपोआप प्रामाणिक होतं. माझ्या कामातली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी दुसऱ्या मुलीची होती, ते मी अर्जातही लिहिलं आणि स्लाइडवरही.

आता वेळापत्रक. बॉस्टनची सभा नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरच्या सुरुवातीला असते आणि तिचे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तिकडच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच, जूनच्या सुमारास, मागवतात. आधी सभेत काम मांडण्यासाठी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट द्यावा लागतो, पुरस्काराचा अर्ज त्याच्या जोडीला. बरेच जण इथेच चुकतात: पुरस्काराची तारीख लक्षात ठेवतात आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टची चुकवतात. तारखा आणि कागदपत्रांची यादी त्या वर्षीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, सीनियरने सांगितलेल्यावर जाऊ नका, माझ्यावरही नाही. सिंपोझियम निवडताना नाव किती आकर्षक आहे ते बघू नका. मागच्या वर्षी त्यात कोण बोललं ते बघा. तुमचा प्रश्न ज्यांना खरोखर पडतो अशी माणसं त्या खोलीत हवीत.

शिफारसपत्राबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा पहिला अर्ज इथेही कच्चा होता. मी एका प्राध्यापकांना मुदतीच्या पाच दिवस आधी मेल केला, "सर, प्लीज शिफारस द्याल का?" एवढाच. त्यांनी दिली. पुढे कधीतरी ते पत्र मला बघायला मिळालं. मेहनती, हुशार, टीममध्ये मिसळणारी. माझ्या कामाबद्दल एक ओळ नाही. मला वाईट वाटलं, पण मी त्यांना लिहिण्यासारखं दिलंच काय होतं?

दुसऱ्या वर्षी मुदतीच्या तीन आठवडे आधी गाईडकडे गेले. समोर बसून विचारलं, "या पुरस्कारासाठी माझ्याबद्दल ठोस लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?" हा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली की होकार खरा मिळतो. सोबत एक पानाची टिपण दिली. त्यात विशेषणं नव्हती, तीन प्रसंग होते. एक, सिंटरिंग करताना (पावडर न वितळवता तापवून घट्ट करताना) लिथियम उडून जायचं म्हणून पेलेट त्याच पावडरमध्ये पुरून तापवायची पद्धत आमच्या भट्टीत मी कशी बसवली. दोन, तिसऱ्या गटाची कल्पना. तीन, ज्युनियरच्या डेटात मला सापडलेली चूक आणि ती मी त्याला एकट्याला बाजूला घेऊन कशी सांगितली. गाईडला हे सगळं माहीत असतंच, पण पंधरा विद्यार्थी आणि चार प्रपोजल्स सांभाळणाऱ्या माणसाला आठवण करून देणं हे आपलं काम आहे. पत्र स्वतः लिहून आणा, मी सही करतो, असं कुणी म्हणालं तर नम्रपणे प्रसंगांचं टिपणच पुढे करा. स्वतःचं कौतुक स्वतः लिहिलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं.

सीव्हीवर वेळ घालवू नका. स्वच्छ, खरी, दोन पानांत. "सबमिट केलेला" आणि "तयार होत असलेला" पेपर यांची सरमिसळ नको.

नाव आलं तर मग भाषण. वेळ मोजकी मिनिटंच मिळते, म्हणून प्रास्ताविकाला एकच स्लाइड. आकृतीवर स्केल बार, आलेखावर एरर बार, आणि किती नमुने ते आकड्यात. आयआयटीत किंवा अमेरिकेत, कुठेही असा, सरावासाठी आपल्या विषयाबाहेरची माणसं बोलवा. पॉलिमरवाला, स्टीलवाला, एखादी केमिस्ट्रीची मुलगी. आपल्या ग्रुपसमोरचा सराव खोटा धीर देतो, कारण तिथे सगळ्यांना उत्तरं आधीच माहीत असतात. मी एकदा पूर्ण भाषण मराठीत अण्णांना दिलं. जिथे इंग्रजी शब्दाच्या आडोशाला लपत होते ती प्रत्येक जागा त्या फोनवर उघडी पडली. "इंटरफेस" म्हणून पुढे जायचे, तिथे "लिथियम आणि पेलेट जिथे टेकतात ती जागा" म्हणावं लागलं, आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "टेकतात म्हंजे सगळीकडं टेकतात का?" हाच प्रश्न मला बॉस्टनमध्ये आला, फक्त इंग्रजीत.

प्रश्नोत्तरांची तयारी भाषणाच्या दुप्पट करा. प्रश्न मला तीन प्रकारचे आले. एक अगदी पायाभूत: गार्नेटच्या घनाकार (क्यूबिक) रचनेत आयन वेगाने का जातात आणि चतुष्कोनीय (टेट्रागोनल) रचनेत का नाही? पाचव्या वर्षाचा विद्यार्थी इथे अडखळतो, कारण हे वाचून चार वर्षं झालेली असतात. पहिल्या वर्षाच्या वह्या बाहेर काढा. दुसरा प्रकार खोडून काढायचा: कशावरून हे कार्बोनेटमुळे, खरबरीतपणामुळे नाही कशावरून? इथे तिसरा गट कामी आला. तिसरा प्रकार पुढचा: आणखी एक वर्ष मिळालं तर काय कराल? याला "आणखी नमुने" हे उत्तर नाही. एक प्रयोग सांगा, आणि तो उलटा निघाला तर तुमचं कुठलं मत बदलेल तेही सांगा.

उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं हे सगळ्यात जास्त विचारतात. मला एका परीक्षकांनी विचारलं की सेलवर दाब बदलला तर तुझा निष्कर्ष टिकेल का. मी दाब बदललाच नव्हता. मी तेच सांगितलं: मोजलेलं नाही, दाब वाढला तर लिथियम जास्त जागी टेकेल, त्यामुळे थराचा परिणाम कमी दिसेल असा माझा अंदाज आहे, आणि तो असा असा तपासता येईल. हे बोलताना माझा आवाज कापत होता. पण त्यांनी मान हलवून लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाला गेले. अंदाजाला अंदाज म्हणणं आणि मोजलेल्याला मोजलेलं म्हणणं, हा फरक जिभेवर बसवा.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख महिनोन्महिने मिळत नाही, त्यामुळे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी त्या खटपटीला लागा, पुरस्काराच्या बातमीची वाट बघू नका. आणि पैशाचं बघा: पुरस्काराची रक्कम विमानाच्या तिकिटाला पुरत नाही. प्रवासासाठीच्या सरकारी योजना, संस्थेचा निधी, पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन फेलोशिप) असेल तर वर्षाचं दोन लाखांचं संशोधन अनुदान, हे सगळं गाईडसोबत बसून आधीच जुळवा.

बॉस्टन जमत नसेल तर बाकी दारं बंद नाहीत. युरोपातल्या ई-एमआरएसच्या सभांमध्येही विद्यार्थ्यांना पुरस्कार असतात. त्यांची वसंतातली सभा स्ट्रासबुर्गला आणि शरदातली वॉर्साला भरते. घरच्या घरी मटेरियल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया आहे, सी. एन. आर. राव यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झालेली, आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सची वार्षिक तांत्रिक सभा आहे, जिथे पोस्टरसमोर उभं राहून भट्टीवर तीस वर्षं काढलेल्या माणसांचे प्रश्न घ्यायला मिळतात. मला ती सभा फार प्रिय आहे. ज्यांची मायक्रोस्कोपी सुरेख आहे त्यांनी अमेरिकन सिरॅमिक सोसायटीची सिरॅमोग्राफीची (सिरॅमिकच्या मायक्रोस्कोपखालच्या चित्रांची) स्पर्धा बघावी. तिथल्या सर्वोत्तम कामाला रोलंड स्नो यांच्या नावाचा पुरस्कार देतात. धातूवाल्यांसाठी अशाच आंतरराष्ट्रीय मेटॅलोग्राफी स्पर्धेतला झाके-लुकास पुरस्कार आहे. पॉलिशिंगमध्ये ज्यांनी रात्री घालवल्यात त्यांच्या हाताला तिथे खरी किंमत आहे.

बॉस्टनला पोचल्यावर लोगन विमानतळावरून सिल्व्हर लाइनची बस घ्या, विमानतळावरून शहरात जाताना तिला तिकीट लागत नाही. साउथ स्टेशनला उतरून रेड लाइनने पार्क स्ट्रीट, तिथून ग्रीन लाइन. बी, सी किंवा डी गाडी, सभा भरते त्या हाइन्स कन्व्हेन्शन सेंटरला थांबते. चुकून ई गाडीत बसलात तर घाबरू नका, प्रुडेन्शियलला उतरा. तिथल्या मॉलमधून आतल्या आत हाइन्सपर्यंत जाता येतं, बाहेरच्या थंडीत पाय ठेवावा लागत नाही. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती खोली एकदा बघून या, आणि लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर सोबत ठेवा.